शंभर जणांत खेळतो, पण बोलत कुणाशीच नाही

"मॅडम, आधी रात्रभर ओरडून ओरडून खेळायचा. 'मागे बघ, मागे बघ' करत सगळं घर जागं ठेवायचा. आता कानात ते हेडफोन घालून बसते आणि तोंडातून एक शब्द निघत नाही. पोट्ट्याचं काही बिनसलं तर नाही ना?"

नागपूरच्या मानेवाड्याकडून आलेल्या एका आईनं विचारलेला हा प्रश्न मी आता बऱ्याच पालकांकडून ऐकते. खेळणारी मुलंही तोच प्रश्न विचारतात, पण त्यांचा सूर वेगळा असतो: "गेममध्ये कोणी बोलतच नाही. का माझ्याशीच बोलत नाहीत?" त्या आईच्या मुलाची गोष्ट त्याच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. इथे त्याला दादू म्हणू.

दादू चोवीस वर्षांचा, हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत बिलिंगचं काम करणारा. पहिल्या भेटीत आई सोबत होती तेव्हा तो भिंतीकडे बघत बसला. पुढच्या वेळी एकटा आला आणि बोलला. आधी व्यसनाचा मुद्दा तपासणं भाग होतं, कारण घरच्यांच्या मनात तीच भीती होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, गेमिंगचा विकार नोंदलेला आहे. ही यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टींच्या वर खेळ जाणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, हे साधारण बारा महिने चाललं आणि त्यानं नोकरी, घर किंवा शिक्षण कोलमडलं, तर तो विकार धरतात. दादूचं तसं काहीच नव्हतं. झोप ठीक, कामावर वेळेत, जेवण घरच्यांसोबत. रात्री दीड-दोन तास खेळायचा, रविवारी थोडं जास्त.

त्याचं दुखणं दुसरंच होतं. "मॅडम, आता माइक चालू करायचीच इच्छा नाही होत. लोकांना माझ्याशी बोलायचंच नसते. मीच बोअर असन."

'मीच बोअर असन' हे वाक्य मला दोन तास खेळण्यापेक्षा कितीतरी जास्त काळजीचं वाटलं.

लॉकडाउनमध्ये त्याचा चौघांचा स्क्वॉड, म्हणजे ठरलेली टीम, होता: तो, महालातला शाळेतला मित्र, अमरावतीचा मावसभाऊ आणि गेममध्येच भेटलेला जबलपूरचा एक मुलगा. रात्री दहाला जमायचे. खेळणं कमी, गप्पा जास्त. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावानं आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. दर वेळी खेळ परत आला, पण चौघं पूर्ण परतले नाहीत. मित्र पुण्याला नोकरीला लागला, मावसभाऊ स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात गुंतला, जबलपूरचा मुलगा दिसेनासा झाला. दादू उरला अनोळखी लोकांत, त्याच्या भाषेत 'रँडम'सोबत.

मी त्याला माझ्यासमोर एक मॅच खेळायला सांगितलं. फोन आडवा धरून तो टेबलाशी बसला, मी शेजारी. विमानात शंभरेक खेळाडू, त्यात याच्या टीमची चार नावं. तिन्ही रँडमचे माइक बंद. एकानं नकाशावर खूण केली, बाकीचे न बोलता तिथे उतरले. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा एकानं बटण दाबलं आणि यंत्राच्या ठरीव आवाजात शत्रू समोर असल्याचं कळलं. दादू जखमी होऊन खाली पडला, तर एक जण धावत आला, बसला, त्याला उठवलं. दादूनं तयार 'थँक्स' दाबलं. मला हे बघताना खरंच भरून आलं. जीव धोक्यात घालून मदतीला आलेला तो कोण, कुठला, काही माहीत नाही. मॅच संपली, दादूनं पडद्यावर बोट टेकवलं आणि तिन्ही नावं गेली.

"हे तिघं परत भेटतील?" मी विचारलं.

"कायले भेटतील मॅडम? आता दुसरे येतील."

माझ्या मते सगळं उत्तर इथेच आहे. मैत्रीला एकदाच भेटलेला चांगला माणूस पुरत नाही, तोच माणूस पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. अमेरिकेतले संवादाचे अभ्यासक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेला अंदाज असा, की ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात आणि जवळचा मित्र व्हायला २०० हून जास्त. आता दादूचा हिशेब करा. अर्ध्या तासाची मॅच धरली तर २०० तासांत चारशे मॅच. दर मॅचला तीन नवे चेहरे म्हणजे बाराशे माणसं, आणि प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास. तास खर्च झाले, पण एकाही माणसाच्या खात्यात साचले नाहीत.

वर्धा-नागपूर अप-डाउन करणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. तोच डबा, तीच माणसं, अजनी येईपर्यंत करायला काही नाही, म्हणून डबे उघडतात, लग्नं जुळतात. याच माणसांना रोज वेगवेगळ्या टॅक्सीत एकेका अनोळखी माणसाशेजारी बसवलं तर ती खिडकीबाहेर बघतील.

जुने ऑनलाइन खेळ त्या डब्यासारखे होते. १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये लढाईनंतर शक्ती भरून येईपर्यंत खेळाडूला बसून राहावं लागे. बसल्या बसल्या माणसं बोलत. २००४ मध्ये आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये मोठ्या मोहिमेसाठी पाच जण हवेत, तर आधी चॅटवर हाका मारायच्या, 'येतोस का' विचारायचं, मग सगळ्यांनी गुहेच्या दारापर्यंत जायचं. एका सर्व्हरवर, म्हणजे खेळाच्या एका स्वतंत्र जगात, माणसं तीच असायची. कुणी दगा दिला तर त्याचं नाव खराब व्हायचं, कुणी सांभाळून घेतलं तर पुढच्या वेळी त्याला हाक जायची. डिसेंबर २००९ मध्ये त्यात बटण आलं: दाबा, वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण आपोआप जमतील आणि थेट आत पोचतील. वाट बघणं संपलं, खेळाडूंची मोठी अडचण सुटली. पण हाक मारायची गरजही संपली. आजचे बहुतेक खेळ त्याच बटणावर चालतात.

दुसरं कारण जास्त बोचरं आहे. दादूनं मध्यंतरी एकदा माइक चालू केला होता. कुणीतरी काही विचारलं, हा सवयीनं "हव" म्हणाला. पलीकडचे दोघं हसले आणि मॅचभर त्याच्या नागपुरी हिंदीची नक्कल करत राहिले, वर शिव्या. त्यानंतर माइक बंद. माझ्याकडे येणारी एक कॉलेजातली मुलगी उत्तम खेळते, पण आवाज कधीच ऐकू देत नाही, कारण मुलीचा आवाज आला की काय सुरू होतं हे तिनं सोसलेलं आहे. अशा मुलांना 'लाजू नको, बोल' म्हणणं मला पटत नाही. त्यांचं गप्प राहणं हे स्वतःला जपणं आहे. खेळ बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे: लीग ऑफ लेजेंड्स या खेळानं शिवीगाळीमुळेच ऑक्टोबर २०२१ मध्ये विरुद्ध संघाशी होणारं चॅट बंद करत असल्याचं जाहीर केलं.

शिवाय आता बोलल्यावाचून अडतही नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या एपेक्स लेजेंड्स या खेळानं नुसत्या खुणांनी टीम चालवता येते हे दाखवून दिलं. यात लाभही आहे. ज्याला ऐकू येत नाही, ज्याला हिंदी-इंग्रजी जमत नाही, ज्याच्या घरात लहान बाळ झोपलंय, तोही बरोबरीनं खेळू शकतो. आणि ज्यांचे स्वतःचे मित्र आहेत ते बोलतातच, फक्त खेळाच्या बाहेर. २०१५ मध्ये डिस्कॉर्ड हे गप्पांचं अॅप आल्यापासून गप्पा अशा बंद खोल्यांत गेल्या. खोलीत असलेल्यांना शांतता जाणवत नाही, ती जाणवते दादूसारख्यांना.

तरी 'पूर्वी सगळे सगळ्यांशी बोलायचे' हेही पूर्ण खरं नाही. २००६ मध्ये निकोलस ड्युशेनो, निक यी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉरक्राफ्टचाच अभ्यास केला, तेव्हाही लोक बराच वेळ एकेकटेच खेळताना दिसले. आजूबाजूला माणसं वावरताहेत, आपलं खेळणं कुणीतरी बघतंय, एवढी सोबतही त्यांना हवीशी वाटत होती. दिवसभर बिलांच्या आकड्यांत आणि फोनवर डोकं घातलेल्या माणसाला रात्री शब्दांशिवायची सोबत हवी असेल तर त्यात आजार शोधू नये, असं मी दादूच्या आईलाही सांगितलं.

दादूला मात्र मी एकच प्रश्न विचारला. "ते तिघं तुझ्याशी बोलत नव्हते. आपसात बोलत होते का?"

तो थांबला. "नाही."

"मग तू बोअर आहेस हे त्यांना कधी कळलं?"

एका प्रश्नानं मनात रुतलेली समजूत निघत नाही, म्हणून एक प्रयोग ठरवला. आठवडाभर रोज फक्त एका मॅचला माइक चालू ठेवायचा, सुरुवातीला कामाचं एकच वाक्य बोलायचं, जसं "पोचिंकीला उतरायचं का?" (पोचिंकी हे खेळाच्या नकाशातलं गाव), आणि काय झालं ते वहीत लिहायचं. शिवी आली की त्या माणसाला लगेच म्यूट करायचं, त्यावर विचार करत बसायचं नाही. वही घेऊन आला तेव्हा बहुतेक ओळींत 'उत्तर नाही, पण तिथे उतरले' असं होतं. एक शिवी. आणि भोपाळचा एक मुलगा, जो त्या रात्री आणखी दोन मॅच याच्यासोबत राहिला. "म्हणजे ऐकत तर होते सगळे," दादू म्हणाला. मी त्याला त्या मुलाला फ्रेंड लिस्टमध्ये घ्यायला सांगितलं आणि पुढच्या वेळी रँडम शोधण्याआधी त्याला बोलावून बघ म्हटलं.

दुसरं काम जुन्या स्क्वॉडचं, आणि ते त्याला जड गेलं. 'त्यांनी नाही केला फोन, मी का करू?' यात आम्ही बराच वेळ अडकलो. पुरुष मित्रांत हे फार दिसतं. वर्षानुवर्षं सोबत खेळतात, पण खेळ सुटला की 'कसा आहेस' म्हणायला कारण सापडत नाही. शेवटी त्यानं मेसेज टाकला: शनिवारी रात्री दहाला, रँक-बिंक नाही, नुसतं टीडीएम (दोन टीमची छोटी लढत). महालचा मित्र लगेच हो म्हणाला. मावसभावानं दोन शनिवार टाळले, तिसऱ्याला आला. जबलपूरच्या मुलाचं उत्तर आलं नाही, त्याचं दादूला वाईट वाटलं आणि ते वाटणं योग्यच होतं. त्याची जागा भोपाळच्या मुलाला मिळाली. त्या तिसऱ्या शनिवारी खेळ झाल्यावर सगळे लॉबीतच बोलत बसले, तेव्हा मावसभावाच्या वडिलांचं मोठं ऑपरेशन झाल्याचं दादूला कळलं. नात्यातली गोष्ट, पण हे दोघं त्यावर एकमेकांशी कधी बोललेच नव्हते. दुसऱ्या दिवशी दादू अमरावतीला जाऊन आला.

एरवी आठवड्यात तो आजही माइक बंद ठेवूनच खेळतो. मला त्यात काही गैर दिसत नाही.

त्याच्या आईला मी एवढंच सुचवलं, की 'किती वेळ खेळलास' याऐवजी 'आज कोणासोबत खेळलास' असं विचारा, आणि तो नावं सांगेल ती लक्षात ठेवा. त्या 'रँडम कोण असतात रे?' असं विचारू लागल्या, तेव्हा पहिल्यांदा त्यानं त्यांना पडद्यावर नकाशा दाखवला.

काळजी करावी असं गप्प राहणं वेगळं असतं, तेही सांगते. मुलगा गेमसोबत घरातही बोलायचा थांबला, आवडीचं जेवण, क्रिकेट, सणवार कशातच रस उरला नाही, झोप उलटीपालटी झाली, आंघोळ-कामधंदा टाळू लागला, किंवा 'मी नसलो तरी चालेल' अशा अर्थाचं काही बोलला, तर गेमवर वाद न घालता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. लगेच जाणं शक्य नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.