नववीतल्या मुलाला गणित शिकवायला मोबाइलवरचे गेम खरंच उपयोगी पडतात का?

तुम्ही विचारलंय की मुलगा नववीत आहे, गणिताचं पुस्तक काढायला सांगितलं की वैतागतो आणि मोबाइलवर मात्र तासन्‌तास रमतो, तर मग गेममधूनच त्याला गणित शिकवता येईल का. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि वर्गात गेम वापरतो. शिकवता येतं, पण सगळं गेमच्या निवडीवर आहे. आणि तिथेच पालकांची फसगत होते.

गणिताचे म्हणून मिळणारे कितीतरी गेम एकाच साच्याचे असतात. समोर राक्षस येतो, एक गुणाकार विचारला जातो, उत्तर बरोबर आलं की तलवार चालते. यात गणित म्हणजे खेळाच्या रस्त्यावरचा टोलनाका. मुलाला तो कसाबसा ओलांडून पुढे जायचं असतं. पाचवीतल्या मुलाचे पाढे पक्के व्हायला हे चालेल, चौदा वर्षांच्या मुलाला नाही. गेम घेताना एवढंच बघा, की त्यातली चाल हीच गणिताची पायरी आहे का.

माझा सर्वात आवडता गेम युक्लिडिया. फोनवर चालतो, सुरुवातीचे टप्पे मोफत आहेत. हातात फक्त पट्टी आणि कंपास, आणि रचना करून दाखवायची: ६० अंशांचा कोन, लंबदुभाजक, वर्तुळाचा केंद्रबिंदू. रचना जमली की टप्पा पार होतो, पण सगळे तारे हवे असतील तर ती कमीत कमी पावलांत करावी लागते. खरी गंमत इथे आहे. रेषेवर दिलेल्या बिंदूतून लंब काढायची रीत मुलांना पाठ असते: त्या बिंदूपासून दोन्हीकडे समान अंतरावर कंस, मग वर एकमेकांना छेदणारे दोन कंस, मग रेषा. म्हणजे तीन वर्तुळं आणि एक रेषा, चार पावलं. गेम म्हणतो, तीन पावलांत करा. मुलं अक्षरशः हट्टाला पेटतात. शेवटी कुणीतरी रेषेबाहेर कुठेही एक केंद्र घेऊन दिलेल्या बिंदूतून जाणारं वर्तुळ काढतं. ते रेषेला आणखी एका ठिकाणी छेदतं. त्या छेदनबिंदूतून व्यास काढायचा, आणि व्यासाचं दुसरं टोक दिलेल्या बिंदूला जोडायचं. झाला लंब! का झाला? कारण अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. दहावीत हे प्रमेय मुलं मार्कांसाठी घोकतात. इथे ते हत्यार म्हणून हातात येतं, आणि मग विसरत नाही.

आलेखांसाठी मार्बलस्लाइड्स बघा, आलेख काढायचं ऑनलाइन साधन ‘डेस्मॉस’ बनवणाऱ्यांनी तयार केलेलं. हे ब्राउझरमध्ये चालतं, मोठा पडदा असला तर बरं. आलेखावर तारे असतात, वरून गोट्या सुटतात, आणि समीकरणातले आकडे बदलून रेषा अशी बसवायची की गोट्या घरंगळत सगळे तारे गोळा करतील. एक्सचा सहगुणक ०.५ ठेवला तर गोट्या डावीकडे जातात. तारे उजवीकडे असले की मूल आधी ३, ४, १० असे आकडे टाकून बघतं. रेषा आणखी उभी होते, पण गोट्या डावीकडेच. मग कधीतरी उणे चिन्ह टाकतं आणि गोट्या उजवीकडे वळतात. दहावीत ‘चढ’ शिकवताना ऋण चढ म्हणजे काय हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

बीजगणितच अडत असेल तर ड्रॅगनबॉक्स. हा २०१२ साली नॉर्वेत तयार झाला, २०१९ पासून क्विझ गेम बनवणाऱ्या ‘कहूट’ कंपनीकडे आहे. आधी नुसती चित्रं असतात, एका बाजूला जे टाकाल ते दुसऱ्या बाजूलाही टाकावं लागतं, आणि हळूहळू चित्रांच्या जागी अक्षरं नि आकडे येतात. मुलं भराभर टप्पे पार करतात आणि आपल्याला वाटतं, समीकरणं आली. पण इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्या. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी या गेमची तुलना समीकरणं सोडवायला शिकवणाऱ्या संगणकीय ट्यूटरशी केली. गेम खेळणाऱ्या मुलांनी जास्त कोडी सोडवली, त्यांना मजाही जास्त आली. पण नंतरच्या चाचणीत ट्यूटरवर शिकलेली मुलं सरस ठरली. बोटाने चित्र सरकवणारा मुलगा वहीत आपोआप चिन्ह बदलायला शिकत नाही.

म्हणून माझ्या वर्गात गेम झाला की लगेच वही उघडायची. जो टप्पा आत्ता पार केला तोच कागदावर लिहायचा आणि प्रत्येक पायरीपुढे ‘का’ लिहायचं. घरी तुम्ही हे सहज करू शकता, तुम्हाला गणित येत नसलं तरी. अर्धा तास खेळू द्या, मग शेजारी बसा आणि ‘मला समजावून सांग, ही रेषा इथेच का काढलीस?’ असं विचारा. तो अडखळला तर ओरडू नका, पुन्हा खेळून बघ म्हणा. आणि तयार उत्तरं यूट्यूबवर सापडतात, तेवढं लक्ष ठेवा.

तिन्ही गेम एकदम देऊ नका. शाळेत सध्या जो धडा चालू आहे त्याला जुळणारा एकच घ्या. रचना चालू असतील तर युक्लिडिया, आणि शेजारी खराखुरा कंपास, टोक केलेली पेन्सिल आणि कोरा कागद.