शेतातल्या जुन्या घराचा आणि जमिनीचा इतिहास कसा शोधावा?

सातारा जिल्ह्यातील वडिलोपार्जित शेतावरचे घर कधी बांधले आणि जमीन कुटुंबाकडे कशी आली, हे कसे शोधावे, असे आपण विचारले आहे. आमच्याही शेतावर असे घर असल्याने अनुभवाने सांगतो की, जमिनीचा आणि घराचा शोध वेगळा ठेवावा, कारण दोहोंची कागदपत्रे वेगवेगळ्या दप्तरांत असतात.

जमिनीसाठी चालू सातबाऱ्यावरून मागे जावे. त्यावरील प्रत्येक फेरफार क्रमांकामागे वारस, वाटप, खरेदी किंवा बोजा (जमिनीवरील कर्जाचा भार) अशी एखादी घटना असते. देशावर अनेक गावांत 1947 च्या कायद्याखालील जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर बदलून गट नंबर पडले. तेव्हा जुना क्रमांक आधी मिळवावा, नाहीतर शोध तिथेच अडतो. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसल्यास ती व्यक्ती एकत्र कुटुंबाची व्यवस्थापक होती, एकटी मालक असेलच असे नाही. ‘इतर हक्क’ हा रकाना लोक वाचतच नाहीत. आमच्या विहिरीचा काळ मात्र तेथील तगाईच्या (सरकारी शेतीकर्जाच्या) बोजावरूनच ठरवता आला. जमीन वतनाची असल्यास पुढील टप्पा कायद्याने ठरलेला आहे: कुलकर्णी वतने 1 मे 1951 पासून आणि पाटीलकी 1 जानेवारी 1963 पासून संपुष्टात आली, व जमिनी सरकारला नजराणा (ठरावीक रक्कम) भरून बहुधा नव्या शर्तीवर, म्हणजे परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा अटीवर, परत मिळाल्या. ‘पेशव्यांनी इनाम दिले’ ही घराघरांतली कथा सनद दिसेपर्यंत कथाच समजावी.

घर सातबाऱ्यावर क्वचितच दिसते. ग्रामपंचायतीचा नमुना 8 पाहावा, परंतु तो घरपट्टीची आकारणी दाखवतो, बांधकामाचा काळ नव्हे. दुय्यम निबंधकांकडील खरेदीखते अधिक बोलकी असतात, त्यातही शेजाऱ्यांची, कारण त्यांच्या चतुःसीमेत आपल्या घराचा उल्लेख असला, तर त्या तारखेला घर उभे होते एवढे तरी सिद्ध होते. चौकटीवर शक कोरलेला असल्यास त्यात 78 मिळवावेत. शेवटच्या दोन-तीन महिन्यांसाठी 79. अर्थात चौकट दुसऱ्या वाड्यातून आणलेलीही असू शकते.

जुने कागद बहुधा मोडी लिपीत असतील. त्यांचे अधिकृत लिप्यंतर लागल्यास पुराभिलेख संचालनालयाकडील जाणकारांच्या यादीतून वाचक निवडावा. पेशवेकाळापर्यंत जायचे असल्यास पुणे पुरालेखागारात गावाचे व परगण्याचे नाव घेऊन जावे, कारण तेथील रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) गट नंबरांवरून लागत नाहीत.