विश्वासानेच माणूस नीतिमान ठरतो तर मग पश्चात्ताप कशाला?

तुमचा प्रश्न वाचला, आणि खाली तुम्ही हेही विचारलंय की केलेला पश्चात्ताप पुरेसा झाला हे ओळखायचं कसं. मी कोपरखैरण्याचा, प्रोटेस्टंट घरातला, आमच्या कॉटेज मीटिंगला (घरगुती प्रार्थनासभेला) लेन्टमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, हा प्रश्न हमखास निघतो आणि विचारणारा बहुतेक वेळा आतून पोळलेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पश्चात्ताप म्हणजे पापाची किंमत चुकती करणं नाही. ती ख्रिस्ताने वधस्तंभावर भरली, देव माणसाला नीतिमान ठरवतो, म्हणजे निर्दोष म्हणून स्वीकारतो, ते त्या जोरावर, आणि ते आपल्या पदरात पडतं विश्वासाने (रोमकरांस पत्र, अध्याय ३ आणि ४ वाचा). तुम्ही किती रडलात हे वर कोणी मोजत बसलेलं नाही.

मग पश्चात्ताप कशाला? येशूचे दोन शिष्य बघा, त्याला धरून देणारा यहूदा आणि पेत्र. यहूदाला पस्तावा झाला नाही असं नाही हां, मत्तय २७ मध्ये तो चांदीची ३० नाणी परत घेऊन जातो, निर्दोष माणसाला धरून दिलं असं याजकांच्या तोंडावर कबूल करतो, नाणी मंदिरात फेकतो आणि जाऊन जीव देतो. म्हणजे दुःख होतं, कबुली होती, पैसेसुद्धा परत केले, फक्त येशूकडे गेला नाही. पेत्रानेही येशूला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलं, ढसाढसा रडला, पण योहान २१ मध्ये किनाऱ्यावर प्रभू आहे कळल्यावर अंगरखा गुंडाळून त्याने सरळ पाण्यात उडी टाकली, होडी टेकेपर्यंतही थांबला नाही. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. पापाकडे पाठ केली की तोंड ख्रिस्ताकडे व्हायला हवं, वळणं एकच असतं, म्हणून आधी कोणतं यावर मी फार भांडत नाही. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनच्या मते विश्वासातून पश्चात्ताप येतो, मार्क १:१५ मध्ये येशू दोन्ही एका दमात सांगतो.

नीतिमान ठरणं हा आमच्याकडे देवाचा एकदाच दिलेला निकाल मानतात, पश्चात्ताप मात्र आयुष्यभराचा, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरच्या १५१७ च्या ९५ मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा हा. ठाण्याला तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये जाणारे कॅथलिक मित्र हे थोडं वेगळं सांगतील, कारण कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये नीतिमान ठरण्यातच माणसाचं आतून नवं होणं धरलं. पण १९९९ मध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन (ल्यूथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) दोघांनी मिळून मान्य केलंय की हे कृपेनेच होतं, आपल्या पुण्याईने नाही.

आता 'पुरेसं' किती? लूक १८ मधल्या येशूच्या दाखल्यातला जकातदार (लोक पापी मानत तो करवसुली करणारा) मंदिरात लांब उभा राहून छाती बडवत एकच वाक्य बोलला, मज पाप्यावर दया कर, आणि नीतिमान ठरून घरी गेला. तुम्हालाही तेवढं पुरे. कोणाचं काही घेतलं असेल तर परत जरूर करा, लूक १९ मधल्या जक्कय नावाच्या जकातदारानेही चौपट परत द्यायचं कबूल केलं, पण ते येशू त्याच्या घरी यायला निघाल्यावर, आधी नाही.