जुना वस्तरा सापडला, आता पुढे काय?

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत दुमडायचा वस्तरा सापडला. पात्याच्या बुडाशी चांदणी आणि क्रॉस, शेजारी जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफील्ड, आणि मुकुटाच्या दोन बाजूंना व्ही आणि आर. मूठ शिंगाची वाटते. काळे डाग आहेत, थोडा लाल गंजही. किती जुना असेल? बफिंग करून चकचकीत करून घेऊ का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: बफिंगवाल्याकडे कृपा करून नेऊ नका! वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की चाकावर काही सेकंदांत तापते, आणि पोलाद साधारण २०० डिग्रीच्या पुढे गेलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरायला लागतं, धारेवर निळसर झाक दिसली की तेवढा भाग कामातून गेला. शिवाय बुडाशी कोरलेली अक्षरं झिजली की वस्तऱ्याचा ठावठिकाणाच पुसला जातो, ते नुकसान कुणालाच भरून काढता येत नाही.

आता वय. व्ही आर म्हणजे राणी व्हिक्टोरिया, म्हणजे १८३७ ते १९०१. डब्ल्यू आर, म्हणजे राजा विल्यम, असतं तर १८३० ते ३७, जी आर असेल तर मात्र फसायला होतं कारण जॉर्ज नावाचे राजे आधीही होते आणि १९१० नंतरही. 'इंग्लंड' शब्द आहे का तेही बघा, अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यामुळे तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालावं लागायला लागलं. पण तुमचा वस्तरा तिकडे जायला बनलेला नसेल तर तो शब्द नसल्यावरून काहीच ठरत नाही, तेव्हा पात्याचा आकार बघा: जाड, पाचरीसारखं पातं जुन्या पद्धतीचं, दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं असेल तर बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. आणि रॉजर्सच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'डी' आहे ना ते भिंगाने बघून घ्या, या नावाच्या नकला खूप झाल्या.

साफ करताना लाल गंज काढायचा, काळे डाग राहू द्यायचे, ते वाढत नाहीत. शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा, मग सगळ्यात बारीक, चार शून्यवाली स्टील वूल हलक्या हाताने, हात कायम पात्याच्या जाड पाठीकडून धारेकडे, उलटा कधीच नाही. पात्यावर सोनेरी अक्षरं असतील तर त्यांना पॉलिश अजिबात लावू नका, ती लगेच उडतात. शिंगाची मूठ पाण्यात बुडवू नका, वाकडी होते, तेलाचा हात पुरे.

दाढी करायचीच असेल तर आधी धारेजवळ गंजाचे खड्डे किंवा तडा नाही ना ते बघा, असेल तर नाद सोडा. नसेल तर पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकवून घासायची, कारण पाठीच्या जाडीवरच धारेचा कोन ठरतो. १००० नंबरचा दगड, मग ४०००, ८०००, शेवटी चामड्याचा पट्टा, त्यावर पाठ पुढे आणि धार मागे.

प्रश्न: जर्मनीतल्या झोलिंगेनचा वस्तरा आहे, पिवळी पारदर्शक मूठ. पातं फक्त मुठीत बसतं तिथेच गंजतंय, सारखं पुसूनही. (एक वाचक, पणजी)

उत्तर: मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची, असणार. ते कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि पातं खाते, कितीही पुसा. मुठीला भेगा किंवा उग्र वास येतोय का बघा. पातं उघडं करून मुठीपासून लांब ठेवा, बाकीच्या वस्तऱ्यांजवळ तर ठेवूच नका, आणि काडी, गॅस यांपासून दूर, कारण सेल्युलॉइड भसकन पेटतं. मग खिळा कानशीने घासून मूठ काढून टाका आणि लाकडाची नवी करून घ्या.