डिजिटल रेंजफाइंडरवर लग्नाचं काम होतं का?

"डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा गंभीर व्यावसायिक कामाला चालतो, की ती नुसती पैसेवाल्यांची हौस?" असं तुम्ही विचारलंय. चालतो. (रेंजफाइंडर म्हणजे लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून बघून हाताने फोकस करायचा कॅमेरा.) मी स्वतः चालवलाय, बडोद्यात, लग्नांमध्ये, जिथे हुकलेला क्षण पुन्हा कोणी करून दाखवत नाही. आणि ‘हौस’ हा शब्द मी घरातच इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर लिहायला बसलेच.

मावसभाऊ आणि मी ११ वर्षं भागीदारीत काम केलं. ट्रॅडिशनल दादाकडे, कँडिड माझ्याकडे. त्याच्याजवळ दोन डीएसएलआर (आत आरसा असलेले कॅमेरे), ७०-२०० ची झूम लेन्स, फ्लॅश, सगळा सरंजाम. मी सेकंडहँड डिजिटल रेंजफाइंडर आणला तेव्हा तो म्हणाला, "ऑटोफोकस नाही, झूम नाही आणि पैसे दुप्पट. पार्टीला काय सांगशील?"

दांडिया बाजारातलं लग्न होतं. हॉल लहान, माणसं दुप्पट, मे महिना. मंगलाष्टकं सुरू झाली तशी मी नवऱ्यामुलाच्या खांद्याशी जाऊन उभी राहिले. अंतरपाट उत्तरेकडे ओढतात, म्हणून कापड ज्या बाजूने जाणार त्याच्या विरुद्ध कडेला थांबले. नवरीचा चेहरा पाटाआड होता, पण तिच्या मुंडावळीची एक सर कडेबाहेर लोंबत होती. रेंजफाइंडरमध्ये मधल्या उजळ चौकोनात एकाच गोष्टीच्या दोन प्रतिमा दिसतात. फोकसची रिंग फिरवली की त्या आडव्या सरकत एकमेकींवर येतात. त्यामुळे उभी रेघ मिळाली की काम सोपं, आणि मुंडावळीसारखी उभी रेघ दुसरी कुठली मिळणार! मोत्यांच्या दोन सरींची एक सर झाली, तिथेच मी रिंग सोडून दिली. ५० ची लेन्स, एफ २.८, अंतर साधारण दोन मीटर. एवढ्यात वीतभर तरी खोली (स्पष्ट येणारा पट्टा) मिळते, म्हणजे डोळे फोकसमध्ये येणारच होते.

शेवटचं मंगलाष्टक लागलं. ५० च्या लेन्सची चौकट, म्हणजे फोटोत येणाऱ्या भागाची रेघ, व्ह्यूफाइंडरच्या मध्यावर असते आणि तिच्या बाहेरचंही सगळं दिसत राहतं. डीएसएलआरमध्ये हे नाही, तिथे जेवढा फोटो तेवढंच दिसतं. मला चौकटीबाहेर पाट धरणाऱ्या काकांचा अंगठा दिसत होता. तो सैल पडला आणि मी बटण दाबलं. आरसा नसल्यामुळे त्या क्षणी डोळ्यासमोर अंधारही झाला नाही. पाट अर्धा सरकलेला, नवरीच्या ओठावर घाम, भुवईला अक्षतेचा एक दाणा चिकटलेला आणि नजर नुकतीच वर आलेली. मी ती नजर आधी प्रत्यक्ष पाहिली आणि मग स्क्रीनवर.

दादा समोरून बर्स्ट मारत होता, म्हणजे भराभर एकामागून एक फोटो. त्याचा ऑटोफोकस उडणाऱ्या अक्षतांवर जाऊन बसला. हे कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं, दादा कच्चा नाही. पार्टीने अल्बमच्या पहिल्या पानावर माझा फोटो लावला. परत येताना गाडीत दादा एवढंच बोलला, "नशीब तुझं."

नशीब कसलं? कुठे उभं राहायचं, कशावर फोकस धरायचा, कोणाच्या अंगठ्याकडे बघायचं, हे सगळं ठरलेलं होतं. रेंजफाइंडर तुम्हाला हे आधी ठरवायला लावतो, म्हणून तो कामाचा कॅमेरा आहे. आपल्याच शहरात अखेरची वर्षं काढलेल्या होमाई व्यारावाला बघा. २०१२ मध्ये त्या गेल्या. देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, आणि काम केलं स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स या फिल्म कॅमेऱ्यांवर. रोलायफ्लेक्स रेंजफाइंडर नव्हे, मला माहीत आहे, पण तिथेही ऑटोफोकस नव्हता आणि १२० च्या फिल्म रोलवर १२ फ्रेम मिळायच्या. नेहरूंचे त्यांनी काढलेले फोटो बघून कोणी नशीब म्हणत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. एकच कॅमेरा घेऊन लग्न करायचं असेल तर रेंजफाइंडर घेऊ नका. लायकाच्या रेंजफाइंडरना लागणाऱ्या बहुतेक एम लेन्स ०.७ मीटरच्या आत फोकस होत नाहीत. मंगळसूत्र, मेंदी, अंगठी यांचे क्लोजअप विसरा. १३५ मिमीपेक्षा लांबच्या लेन्सला व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटच नाही, म्हणजे स्टेजवरचा नाच लांबून मिळणार नाही. पळणारी मुलं हातून सुटतात. बहुतेक बॉडींना कार्डाचा एकच कप्पा असतो. लायका एम ११ (२०२२) मध्ये आत ६४ जीबी मेमरी आहे, त्यामुळे दोन्हीकडे फोटो ठेवता येतात, पण त्याची किंमत वसूल करायला किती लग्नं लागतील ते मोजा. शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत रेंजफाइंडरचा हळू आवाज मोठी गोष्ट होती. आता मिररलेस (आरसा नसलेल्या, ऑटोफोकसच्या) कॅमेऱ्यांचा इलेक्ट्रॉनिक शटर अजिबात वाजत नाही, तेव्हा त्या कारणासाठी घ्यायची गरज उरलेली नाही.

जुना घेताना सांभाळा. २००६ च्या लायका एम ८ मध्ये सिंथेटिक काळं कापड जांभळट येतं, कारण सेन्सरपुढची इन्फ्रारेड गाळणी पातळ आहे. त्यासाठी कंपनीने ग्राहकांना फिल्टर दिले होते. लग्नात काळे कोट घातलेली किती माणसं असतात, विचार करा. २००९ च्या एम ९ चा सेन्सर गंजण्याचा दोष प्रसिद्ध आहे, म्हणून तो बदललेला असेल तरच घ्या. आणि फुजीचे एक्स-प्रो, एक्स १०० दिसायला तसे असले तरी रेंजफाइंडर नव्हेत, त्यांच्यावरून अंदाज बांधू नका.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. त्या लग्नानंतर महिन्याभराने दुसऱ्या एका घरची हळद माझ्याकडून पूर्ण सॉफ्ट, म्हणजे धूसर आली. कॅमेरा ॲक्टिव्हाच्या डिकीत ठेवून मी खड्ड्यांतून गेले होते. आतला सांधा हलला आणि फोकस हातभर मागे जाऊ लागला. मागच्या छोट्या स्क्रीनवर कळलं नाही. त्या दिवशी दादाच्या फोटोंनी आम्हाला वाचवलं आणि तो पार्टीसमोर एक शब्द बोलला नाही. हे मी विसरलेले नाही. तेव्हापासून कॅमेरा माझ्या मांडीवर असतो. कामाला निघण्याआधी गच्चीवरून लांबच्या विजेच्या खांबावर रिंग अनंतापर्यंत नेऊन बघते, दोन खांबांचा एक झाला पाहिजे. मग खिडकीच्या गजावर जवळचं अंतर तपासते. पिशवीत मिररलेसही असतो आणि क्लोजअप सगळे त्याच्यावर.

पण अंतरपाट मी आजही रेंजफाइंडरवरच काढते. दादा हे वाचेल, त्याला या साइटवरचं माझं खातं माहीत आहे. दादा, त्या दिवशीचं कार्ड मी पुसलेलं नाही. पाट सरकायच्या आधी मी चार फ्रेम घेतल्या होत्या, नुसतं कापड आणि कडेला ती मुंडावळीची सर. चारही फ्रेममध्ये फोकस त्याच मोत्यांवर आहे. रविवारी घरी ये, मोठ्या स्क्रीनवर दाखवते.