एफपीएस भरपूर, तरी चित्र का फाटतं?

परीक्षा संपल्या की या सदराचा नूर बदलतो. प्रिंटर आणि पॅनकार्डाचे प्रश्न मागे पडतात आणि गेमिंगचे येऊ लागतात. या वेळी तर जवळजवळ सगळे एकाच गोष्टीभोवती फिरणारे आहेत.

प्रश्न : १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला. गेममध्ये १३०-१४० एफपीएस दिसतात, पण जुन्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरपेक्षा काडीचा फरक वाटत नाही. दुकानदाराने गंडवलं का? (सिडको)

दुकानदारावर एवढ्यात संशय नको. एफपीएस म्हणजे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला किती चित्रं तयार करतं ते आणि हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो ते. गेममधला आकडा फक्त कार्डाचा असतो, पडद्याचा नाही. नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोज बऱ्याचदा ६० वरच बसून राहतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन १४४ निवडा. माउसचा बाण पडद्यावर जोरात गोल फिरवा. ६० वर बाणाच्या ठशांमध्ये मोठी अंतरं दिसतात, १४४ वर ते ठसे दाट होतात.

यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल बघा. बऱ्याच मॉनिटरचं एचडीएमआय पोर्ट पूर्ण वेग देत नाही, डिस्प्लेपोर्ट देतं. आणि केबल मदरबोर्डाच्या पोर्टात नाही ना, तेही पाहून घ्या. कार्डाची पोर्टं खाली, आडवी असतात. हा घोळ वाटतो त्यापेक्षा फार जास्त घरांत आहे.

प्रश्न : मॉनिटर ६० हर्ट्झचा, काउंटर-स्ट्राइक २ या नेमबाजीच्या गेममध्ये २०० एफपीएस मिळतात. वरचे १४० वाया जातात का? शिवाय झटकन वळलं की चित्र फाटतं. व्ही-सिंक लावला तर माउस जड होतो. (गंगापूर रोड)

पडदा चित्र एकदम दाखवत नाही. वरून खाली, एकेक ओळ करत उतरतो. ६० हर्ट्झवर एका फेरीला साधारण १६.७ मिलिसेकंद लागतात. तो अर्ध्यावर असताना कार्डाने नवं चित्र पुढे केलं, की वरचा भाग जुन्या चित्राचा आणि खालचा नव्याचा. दाराची उभी चौकट मधेच तुटून बाजूला सरकल्यासारखी दिसते, ती यामुळे. यालाच टेअरिंग म्हणतात.

२०० एफपीएसला दर ५ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, म्हणजे एका फेरीत तीन-चार तुकडे. पण चित्रांमधलं अंतर कमी असल्याने प्रत्येक फाट बारीक असते आणि पडद्यावर उमटणारा तुकडा ताजा असतो. म्हणून वरचे १४० वाया जात नाहीत. शत्रू कोपऱ्यावरून डोकावला तर तो तुम्हाला काही मिलिसेकंद आधी दिसतो.

व्ही-सिंक कार्डाला थांबवून ठेवतो : पडद्याची फेरी संपल्याशिवाय नवं चित्र द्यायचं नाही. फाटणं जातं, पण तयार चित्रं रांगेत ताटकळतात आणि हाताची हालचाल उशिरा दिसते. तोच तुमचा जड माउस. कार्ड ६० च्या खाली घसरलं तर आणखी वाईट. १७ मिलिसेकंद लागलेलं चित्र ती फेरी चुकवतं, जुनंच पुन्हा दिसतं आणि साध्या दोन-बफर (म्हणजे एका वेळी दोनच चित्रांची जागा असलेल्या) व्ही-सिंकमध्ये ६० चे थेट ३० होतात. माझ्या मते नेमबाजीत व्ही-सिंक बंदच ठेवा. निवांत, कथेच्या गेमला खुशाल लावा.

प्रश्न : मुलगा ‘जी-सिंकचाच मॉनिटर हवा’ म्हणून हटून बसलाय. एवढा खर्च गरजेचा आहे का? (पंचवटी)

मुलाची मागणी रास्त आहे, पण नावाचा हट्ट नको. या तंत्रात वर सांगितलेलं उलटं होतं : कार्ड पडद्यासाठी थांबत नाही, पडदा कार्डासाठी थांबतो. फाटणं नाही आणि व्ही-सिंकचा जडपणाही जवळजवळ नाही. ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने हे २०१३ मध्ये जी-सिंक नावाने आणलं, तेव्हा मॉनिटरमध्ये वेगळं महागडं मॉड्यूल लागायचं. २०१४ मध्ये पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने हेच तंत्र ॲडॅप्टिव्ह-सिंक नावाने डिस्प्लेपोर्टच्या मानकात घातलं, त्यावर एनव्हिडियाची स्पर्धक एएमडीचं फ्रीसिंक आलं. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची जीटीएक्स १० मालिकेपासूनची कार्डंही असे मॉनिटर चालवतात. म्हणून फ्रीसिंकचा साधा मॉनिटरही बहुधा पुरेल.

घेताना रेंज विचारा, म्हणजे पडदा किती ते किती हर्ट्झपर्यंत कार्डाशी जुळवून घेतो ते. ४८ ते १४४ असेल तर उत्तम. एफपीएस ४० वर घसरले तर प्रत्येक चित्र दोनदा दाखवून पडदा ८० वर चालतो. ४८ ते ७५ च्या रेंजमध्ये ८० बसतच नाही, मग ऐन गरजेच्या वेळी हे जुळवून घेणंच बंद पडतं. आणि गेममध्ये १४० ची मर्यादा लावायला सांगा, म्हणजे एफपीएस रेंजच्या वर जाणार नाहीत.

प्रश्न : आपली वीज ५० हर्ट्झची, मग ६० चा मॉनिटर नीट कसा चालेल? (नाशिकरोड)

बिनधास्त चालतो. आतला पॉवर सप्लाय आधी डीसी करून घेतो, पडद्याचा ठेका त्याच्या स्वतःच्या घड्याळावर असतो.

प्रश्न : लॅपटॉपवर सुरुवातीला ९० एफपीएस, थोड्या वेळाने ५०-६० आणि मधेच हिसके. सरासरी तर ७० दिसते! (इंदिरानगर)

सरासरी फसवी असते. बहुतेक चित्रं १२ मिलिसेकंदांत आली आणि मधेच एकाला ५० लागले, तर आकडा चांगलाच राहतो, पण डोळ्याला तो हिसका खुपतो. ‘१% लो’ हा आकडा बघा, म्हणजे सगळ्यात रेंगाळलेल्या एक टक्का चित्रांचा एफपीएस. खरं दुखणं तिथे कळतं. एप्रिलच्या दुपारी नाशिकमध्ये पारा चाळिशीकडे जातो, लॅपटॉप तापतो आणि स्वतःचा वेग उतरवतो. ६० ची मर्यादा लावा. कार्डावरचा ताण घटतो आणि ६० हर्ट्झच्या पडद्याशी मेळही बसतो. लॅपटॉप गादीवर नको, मागची बाजू थोडी उचलून ठेवा आणि चार्जर लावूनच खेळा. बॅटरीवर वेग आपोआप कमी होतो. एवढं करूनही हिसके राहिले तर पंख्यातली धूळ काढून चिपवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलून घ्या. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र स्वतः स्क्रू काढू नका.