अंबड आणि नाशिकरोडच्या मधले घर

ताई, आपण दिलेल्या माहितीवरून मला समजले ते असे: यजमानांची नोकरी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, आपली शाळा नाशिकरोडला, घरात गुडघ्यांनी त्रस्त सासूबाई आणि चौथीतली मुलगी, सध्या पंचवटीत भाड्याने, आणि सगळा खर्च धरून मर्यादा 45 लाखांची. प्रश्न असा, की एवढ्या पैशांत गंगापूर रोडला वन बीएचके घ्यावा की आडगावच्या बाजूला ऐसपैस टू बीएचके. माझ्या मते दोन्ही नको.

आडगावहून नांदूर नाका आणि जेलरोडमार्गे आपली शाळा जमेल, पण अंबड शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला राहील. गंगापूर रोडहून सातपूरमार्गे यजमानांचे जमेल, पण आपल्याला रोज सकाळी अख्खे शहर ओलांडावे लागेल. दोन्ही पर्यायांत एकाची सोय होते आणि दुसऱ्याचे दिवसाचे दोन तास रस्त्यावर जातात. शिवाय गंगापूर रोडच्या नावाचा जो भाव आपण मोजणार, त्याच्या बदल्यात मुलीची अभ्यासाची खोली जाणार.

माझ्या मते आपण शोध इंदिरानगरचा दक्षिण भाग, राणेनगर, वडाळा-पाथर्डी रस्ता आणि पाथर्डी फाटा एवढ्याच पट्ट्यात करावा. तिथून नाशिकरोडला जायला मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडावा लागत नाही, आणि पाथर्डी फाट्यावरून अंबड समोरच आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा. महामार्गाखालच्या इंदिरानगरच्या बोगद्यापाशी सकाळ-संध्याकाळ वाहनांची किती कोंडी होते हे नाशिककरांना सांगायला नको. ज्या घरातून तो बोगदा रोज गाठावा लागेल, ते घर नकाशावर कितीही जवळ दिसले तरी लांबच समजा. घर रविवारी दुपारी पाहण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि नेमके त्याच वेळी सगळे रस्ते मोकळे असतात. सोमवारी संध्याकाळी सहा वाजता अंबडहून त्या घरापर्यंत एकदा स्कूटरने जाऊन पाहा.

सिडको या सरकारी संस्थेने वसवलेल्या वसाहतीतल्या घरांचा विचार मनात येईल, कारण ती अंबडला खेटून आहेत आणि बाजारहाट, दवाखाना, शाळा सगळे चालत आहे. पण तिथल्या अनेक जुन्या घरांवर वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले असतात, आणि जमीन भाडेपट्ट्याची असेल तर हस्तांतराची कागदपत्रे वेगळी लागतात. अशा घराला बँक कर्ज देते का, हे आधी बँकेत विचारा. जुन्या तीन-चार मजली इमारतींत लिफ्टही नसते, त्यामुळे सासूबाईंसाठी तळमजला किंवा पहिला मजला एवढेच पर्याय उरतात. म्हसरूळ, मखमलाबाद, सातपूर हे भाग चांगलेच आहेत, पण आपल्या कामाचे नाहीत.

आता क्षेत्रफळ, आणि इथे मी स्वतः ठेचकाळलो आहे. आमचे पहिले घर घेताना बिल्डरच्या माणसाने 900 चौरस फूट सांगितले आणि आम्ही खूश झालो. ताबा मिळाल्यावर सासऱ्यांचे जुने गोदरेजचे कपाट आतल्या खोलीत नेले, तेव्हा ते भिंतीला लागले खरे, पण मग पलंग आणि कपाट यांच्या मधून आडवे होऊन जावे लागू लागले आणि कपाटाचे एक दार आजतागायत पूर्ण उघडलेले नाही. त्या दिवशी टेप आणून मोजले, तर आतले माप 640 चौरस फुटांच्या आसपास भरले. बाकीचे जिना, पॅसेज, लिफ्टची जागा आणि बाल्कनीत वाटले गेले होते. 900 फुटांना 4,500 रुपये दराने साडेचाळीस लाख होतात. तेच पैसे 640 फुटांवर वाटले, तर खरा दर 6,300 रुपयांच्या वर जातो. दोन घरांची तुलना नेहमी या दुसऱ्या आकड्यावर करा. रेरा कायद्याप्रमाणे करारात कार्पेट क्षेत्रच लिहावे लागते. त्यात आतल्या विभाजक भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. चौघांसाठी 600 ते 650 फूट कार्पेट नीट आखलेले असेल तर पुरते. स्वयंपाकघराला ड्राय बाल्कनी आहे ना आणि सासूबाईंच्या खोलीजवळच्या संडासाचे दार वॉकर आत जाईल एवढे रुंद आहे ना, हे मात्र टेपनेच पाहा.

आपल्या मर्यादेत या पट्ट्यात नवा टू बीएचके बसवणे ओढाताणीचे होईल, म्हणून दहा-बारा वर्षांच्या इमारतीतला जुना फ्लॅट पाहावा असे मी सुचवतो. समजा सौदा 38 लाखांत ठरला. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत स्थानिक अधिभारासह साधारण 6 टक्के, म्हणजे 2 लाख 28 हजार. नोंदणी फी 30 हजार. एकूण 40 लाख 58 हजार. 30 लाखांच्या वरच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे येथे 30 लाख 40 हजार. उरलेले 10 लाख 18 हजार आपल्याजवळचे हवेत, आणि त्यात दलाली, रंगकाम, नळजोडण्यांची दुरुस्ती धरलेली नाही. घर केवळ आपल्या एकटीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, म्हणजे 38 हजार वाचतात. यजमानांचे नाव जोडले की ती जाते. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, मिळालेल्या जुन्या घराला जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्या घराला तो लागतो: नाशिकसारख्या शहरात 90 चौरस मीटर कार्पेट आणि 45 लाख किमतीपर्यंत 1 टक्का, त्यापुढे 5 टक्के.

पाण्याचा प्रश्न दोन्ही अंगांनी पाहा. एक, नळाला येते का. शहराला गंगापूर, मुकणे आणि दारणा या धरणांतून पाणी मिळते, तरी एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांत एकीला पुरेसे आणि दुसरीला टँकर असे मी पाहिले आहे. सोसायटीच्या सचिवांकडे गेल्या एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिले मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालेच. दोन, पावसात दाराशी येते का. गोदापात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर आपण गोदेचा पूर मोजतो, आणि 2008, 2016 व 2019 साली सराफ बाजारात पाणी शिरले ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पण नासर्डी, म्हणजे आताची नंदिनी, आणि तिला मिळणारे लहान नाले यांच्याकडे घर घेताना कोणी पाहत नाही. महापालिकेच्या नकाशावर पूररेषा पाहून घ्याच, आणि नंतर त्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला विचारा. मी ज्याला विचारले होते, त्याने काही न बोलता आपल्या टपरीच्या पत्र्यावरची गुडघ्याएवढी गाळाची रेघ दाखवली. तो फ्लॅट आम्ही सोडला.

कागदपत्रांत भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या सर्व खरेदीखतांची साखळी, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र, आणि विकणाऱ्याचे जुने कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र हवे. जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी बदलण्याचे खत, सोसायटीच्या नावे झाले आहे का, हे अवश्य विचारा. पुढे इमारतीचा पुनर्विकास निघाला, की सगळे तिथेच अडते. वकिलाकडून मालकीच्या 30 वर्षांच्या नोंदींचा शोध अहवाल घ्या, आणि तो वकील दलालाने सुचवलेला नसावा. सोसायटी हस्तांतर शुल्क म्हणून लाखभर मागेल. महापालिका क्षेत्रात त्याची कमाल मर्यादा 25 हजार आहे, तेव्हा नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. उघडे पार्किंग विकता येत नाही, त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

घर पसंत पडले, की टोकन देण्यापूर्वी सासूबाईंना एकदा तिथे न्या आणि लिफ्ट बंद आहे असे समजून त्यांना जिना चढू द्या. टोकन शक्यतो एक लाखाच्या आत ठेवा, चेकनेच द्या, आणि कर्ज मंजूर न झाल्यास किंवा शोध अहवालात दोष निघाल्यास रक्कम किती दिवसांत परत मिळेल, ते पावतीवरच लिहून घ्या.